नोव्ही सादचं सोनं मोबाईलवर दिसलं, पण गावच्या तालमीला त्यात काय दिसलं?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले होते. ऑक्टोबर २०२५ संपत आला होता. तेव्हा सर्बिया देशातल्या नोव्ही साद शहरात २३ वर्षांखालील मल्लांची जागतिक कुस्ती स्पर्धा चालू होती. ६५ किलो फ्रीस्टाइलची फायनल लागली. एका बाजूला हरियाणाचा सुजीत कलकल, दुसऱ्या बाजूला उझबेकिस्तानचा उमिदजोन जलोलोव्ह. कुस्ती सहा मिनिटांची होती, पण ती सहा मिनिटं पूर्ण झालीच नाहीत. सुजीतने १०-० केलं आणि पंचांनी तिथंच शिट्टी मारली. भारताला सोनं मिळालं.

दुसऱ्या दिवशी गावोगावच्या ग्रुपवर फोटो फिरले. तिरंगा, हात जोडलेले, दंड फुगवलेले, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी ग्रुप पुन्हा ऊसतोड, सोयाबीनचा भाव आणि झेडपीच्या आरक्षणाकडे वळला.

असंच होतं दरवेळी. कुस्तीचं वेड आपल्याकडे कमी नाही. जत्रेत शंभर रुपयांची कुस्ती असली तरी माणूस उन्हात तीन तास उभा राहतो. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हटली की आपल्यापर्यंत फक्त शेवटचा फोटो येतो. आधीच्या चार कुस्त्या कशा झाल्या, एक गुण कुठं वाचला, वजन कसं बसलं, हे कोणी बघत नाही. आणि नेमकं तेच बघण्यासारखं असतं. कारण आज आपल्या तालुक्यातल्या तालमीत जो चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा जोर मारतोय, त्याच्या घरचा दुधाचा, बदामाचा, तुपाचा खर्च ज्या वाटेवर चाललाय, ती वाट कुठं जाते हे या स्पर्धेतच कळतं.

कोण खेळतं या स्पर्धांमध्ये?

युनायटेड वर्ल्ड रेसलिंग, म्हणजे कुस्तीची जागतिक संघटना, तरुणांसाठी दरवर्षी तीन मोठ्या जागतिक स्पर्धा घेते. १७ वर्षांखालील, २० वर्षांखालील आणि २३ वर्षांखालील. वय मोजायची पद्धत सोपी आहे. वाढदिवस कधी ते बघत नाहीत, जन्माचं साल बघतात.

२०२६ साठी हिशोब असा बसतो. १७ खालील गटात २००९ आणि २०१० साली जन्मलेले. २० खालील गटात २००६ ते २००८. २३ खालील गटात २००३ ते २००७. प्रत्येक गटात एक वर्ष लहान असलेल्याला वैद्यकीय दाखला आणि पालकांची संमती असेल तर उतरता येतं. ज्यांच्या घरात पैलवान पोरगं आहे त्यांनी हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. पोरगा कोणत्या वर्षी कोणत्या गटात जाणार, हे आधी माहीत असलं की तयारीचं गणित बसतं.

वजनगटही वेगवेगळे आहेत. १७ खालील मुलांसाठी फ्रीस्टाइलमध्ये ४५ किलोपासून ११० किलोपर्यंत दहा गट आहेत. २० आणि २३ खालील मुलांसाठी ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५ असे दहा. यातले ऑलिम्पिकला फक्त सहाच आहेत: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. सुजीतचं ६५ हे ऑलिम्पिकचं वजन आहे, म्हणून त्याच्या सोन्याला जास्त किंमत.

मोबाईलवर बघायचं कसं?

पहिली अडचण वेळेची. सर्बियाचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ एक तास मागं घेतात, मग फरक साडेचार तासांचा होतो. २०२५ मध्ये तो रविवार २६ तारखेला, नेमका स्पर्धा चालू असताना आला. आदल्या दिवशीची वेळ धरून जे मोबाईल लावून बसले, त्यांना तासभर थांबावं लागलं. साधारणपणे सुरुवातीच्या कुस्त्या आपल्याकडे दुपारी-संध्याकाळी आणि पदकाच्या कुस्त्या रात्री जेवणानंतर येतात.

दुसरी गोष्ट, एका वजनगटाची स्पर्धा दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी उपांत्य फेरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी कांस्यपदकाच्या लढती आणि फायनल. आपला मल्ल पहिल्या दिवशी हरला म्हणून मोबाईल बंद करू नये. त्याला हरवणारा फायनलला गेला, तर आपल्या मल्लाला पुन्हा संधी मिळते. याला रेपेचेज म्हणतात. दोन कांस्यपदकं दिली जातात. त्यामुळे सकाळी हरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पदक घेऊन येतो, असं बऱ्याचदा होतं.

तिसरं, जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर प्रत्येक वजनाचा ड्रॉ लागतो आणि निकाल कुस्ती संपताच येतो. नेटची रेंज कमी असली तरी ड्रॉचं पान उघडतं. तेवढ्यावरही स्पर्धा 'बघता' येते. यूट्यूबवर 'लाइव्ह' असं लिहून जुन्या कुस्त्या किंवा व्हिडिओ गेम दाखवणारे चॅनेल भरपूर आहेत. लिंक उघडून बँकेची किंवा ओटीपीची माहिती मागितली, तर तिथून लगेच बाहेर पडावं.

चौथं, नोव्ही सादला काही मल्लांच्या नावापुढे देशाऐवजी 'यूडब्ल्यूडब्ल्यू' असं लिहिलेलं दिसलं. ते जागतिक संघटनेचं नाव आहे. रशियाचे मल्ल तेव्हा आपल्या झेंड्याखाली खेळू शकत नव्हते, म्हणून ते असे खेळले. नोव्ही सादला सुजीतने उपांत्यपूर्व फेरीत ज्या बशीर मागोमेदोव्हला ४-२ ने हरवलं, तो असाच होता. हे वाचून कोणी हसू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत हिसार जिल्ह्यातल्या अंतिम पंघालने कांस्य जिंकलं, तेव्हा तिच्याही नावापुढे भारत नव्हता, 'यूडब्ल्यूडब्ल्यू'च होतं. आपल्या महासंघाने वेळेत निवडणूक घेतली नाही म्हणून जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं होतं. ते निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्ये उठलं.

गुण मोजता आले की खरी मजा

तालमीच्या कट्ट्यावर एका मोबाईलभोवती दहाजण बसतात आणि हमखास प्रश्न येतो, "अण्णा, पाठ तर लागलीच न्हाई, मग कुस्ती संपली कशी?" जत्रेची निकाली कुस्ती बघून मोठं झालेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मातीत पाठ लागली की कुस्ती सुटली, नाहीतर बरोबरी. मॅटवर तसं नाही.

मॅटवर चितपट केलं तर कुस्ती तिथंच संपते, हे खरं. पण त्याशिवाय गुणांचा खेळ आहे. पट काढून समोरच्याला खाली आणला आणि ताबा घेतला, दोन गुण. समोरच्याला रिंगणाबाहेर ढकलला, एक गुण. खाली धरलेल्या मल्लाला भारंदाज मारून पाठ दाखवायला लावली, दोन गुण. उभ्यावरून थेट पाठीवर फेकला, चार गुण. हवेत मोठी झेप घेऊन फेकला, पाच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की तांत्रिक श्रेष्ठतेवर कुस्ती संपते.

आता हिशोब करा. एक पट म्हणजे दोन. खाली आल्यावर लागोपाठ चार भारंदाज म्हणजे आठ. झाले दहा. अर्ध्या मिनिटात कुस्ती संपू शकते. म्हणून मॅटवर 'खाली' कसं राहायचं आणि खाली कसं फिरवायचं, याला उभ्या कुस्तीइतकीच किंमत आहे. मातीत आपला पोरगा खाली गेला की पालथा पडून दम खातो. मॅटवर तीच सवय त्याला बुडवते.

वेळही वेगळी आहे. १७ खालील मुलांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या. २० आणि २३ खालील मुलांना तीन-तीन मिनिटांच्या दोन, मध्ये तीस सेकंद विश्रांती. जो नुसता हात धरून थांबतो, त्याला पंच आधी तोंडी ताकीद देतात. मग तीस सेकंदांचं घड्याळ लागतं. त्या वेळात कोणीच गुण घेतला नाही, तर समोरच्याला फुकटचा एक गुण मिळतो.

पंचाचा निर्णय पटला नाही तर कोच व्हिडिओ बघायची मागणी करतो. कोच कोपऱ्यातून मऊ ठोकळा मॅटवर टाकतो, तो याचसाठी. पण मागणी चुकली तर समोरच्याला एक गुण जातो. म्हणजे ओरडायलाही किंमत मोजावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून केवढा गोंधळ झाला, तो सगळ्यांनी मोबाईलवर पाहिला. खांदे टेकल्याचा निकाल आणि त्याची व्हिडिओवर फेरतपासणी, हाच तर भांडणाचा मुद्दा होता. नियम प्रेक्षकाला माहीत असला, तर निदान मैदानाबाहेर डोकी फुटत नाहीत.

आणि बरोबरी झाली तर? इथंच बरेच जण चक्रावतात. गुण समान असले तरी कुस्ती बरोबरीत सुटत नाही. आधी बघतात, मोठ्या गुणांचा डाव कोणी जास्त मारला. तेही समान, तर ताकीद कोणाला कमी. तेही समान, तर शेवटचा गुण कोणी घेतला. तो जिंकला.

एका गुणाची किंमत सुजीतला विचारा

सुजीतची गेली दोन वर्षं बघितली की वरचे सगळे नियम जिवंत होतात.

एप्रिल २०२४. पॅरिस ऑलिम्पिकसाठी आशियाई पात्रता स्पर्धा किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये होती. सुजीत आणि दीपक पुनिया दुबईमार्गे निघाले. नेमका दुबईत कधी नव्हे एवढा पाऊस झाला, विमानतळ पाण्यात गेला. दोघं तिथंच अडकले. बिश्केकला पोहोचले तेव्हा वजन घ्यायची वेळ संपली होती. एकही कुस्ती न खेळता संधी गेली.

पुढच्या महिन्यात इस्तंबूलला शेवटची पात्रता स्पर्धा. तिथं सुजीतची महत्त्वाची कुस्ती अमेरिकेच्या झेन रेदरफोर्डशी २-२ अशी संपली. गुण समान, पण निकषावर अमेरिकन जिंकला. सुजीतचं पॅरिस हुकलं. फलकावर पराभव दिसत नव्हता, तरी पराभव होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत त्याची गाठ इराणच्या रहमान अमूझादशी पडली. अमूझाद पॅरिसचा रौप्यविजेता. सुजीत एका गुणाने हरला आणि अमूझादने पुढे सोनं नेलं.

त्यानंतर नोव्ही साद. उपांत्य फेरीत जपानचा युतो निशिउची. निकाल ३-२. परत एकच गुण, पण या वेळी आपल्या बाजूने. मग फायनल १०-०.

ज्याने फक्त शेवटचा फोटो बघितला, त्याला वाटलं पोरगं आलं आणि सोनं घेऊन गेलं. ज्याने दोन वर्षं बघितली, त्याला कळलं की हा पोरगा पावसात अडकला, निकषावर हरला, एका गुणाने हरला आणि तरी मॅटवर परत उभा राहिला. आपल्या पोरांना दाखवायचं असेल तर हे दाखवावं.

दुसरं एक उदाहरण. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात २० वर्षांखालील जागतिक स्पर्धा झाली. ६१ किलोच्या फायनलला भारताचा मोहित कुमार ०-६ असा मागे होता. घरी बसलेल्या बऱ्याच जणांनी आशा सोडली असेल. मोहितने ९-८ ने सोनं घेतलं. त्याच स्पर्धेत भारताच्या मुलींनी सांघिक विजेतेपद मिळवलं. अंतिम पंघालने सलग दुसऱ्या वर्षी सोनं जिंकलं. मुलीला तालमीत पाठवायला आजही काही घरांत 'लोक काय म्हणतील' होतं, त्यांनी ही यादी काढून बघावी. राज्यात महिला महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं, सांगलीत ती पहिल्यांदा झाली. तोवर हरियाणाच्या मुली जग जिंकून आल्या होत्या.

काट्यावर हरलेली कुस्ती

आंतरराष्ट्रीय स्पर्धा बघताना पहिली कुस्ती कॅमेऱ्यात दिसतच नाही. ती सकाळी वजनकाट्यावर होते. पहिल्या दिवशी सकाळी वजन आणि फायनल किंवा कांस्याची कुस्ती असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन. दोन्ही दिवस बसलं पाहिजे.

७ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाटचं काय झालं ते अख्ख्या देशाला माहीत आहे. ५० किलोची फायनल गाठलेली, पण दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त. पदक गेलं. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने उपांत्य कुस्तीनंतर रातोरात साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं आणि ५७ किलोत कांस्य आणलं. आणि त्याच अमनचं सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबला १.७ किलो वजन जास्त भरलं. एकही कुस्ती न खेळता तो बाहेर.

हा अमन २०२२ मध्ये स्पेनमधल्या पोंतेवेद्राला २३ खालील जागतिक स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय होता. त्याच्यासारख्याचं गणित चुकतं, तर आपल्या तालमीतल्या पोराचं काय?

इथं एक गोष्ट कडक बोलायला हवी. तालुका आणि जिल्हा पातळीवर शालेय स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोरांना उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, स्वेटर घालून पळवणं हे प्रकार चालतात. वाढत्या वयाच्या पोराच्या अंगातलं पाणी काढणं हा खेळ नाही. अमेरिकेत १९९७ च्या शेवटी महिनाभरात तीन कॉलेजचे मल्ल असंच वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथं नियम बदलले. मल्लाच्या अंगात पाणी पुरेसं आहे का ते तपासून, त्याने किती खालच्या वजनात खेळायचं याची हद्द हंगामाआधीच ठरवायला लागले. आपल्याकडे ही हद्द वस्तादाने आणि आईबापाने ठरवायची आहे. पोरगा ५१ मध्ये बसत नसेल तर ५५ मध्ये खेळवा. एक पदक कमी आलं तर चालेल.

पदक हलक्या वजनात, मान जड वजनात

आता मूळ दुखण्यावर येऊ. नोव्ही सादला महाराष्ट्राचं नाव अगदीच नव्हतं असं नाही. विश्वजित मोरेने ५५ किलो ग्रीको-रोमनमध्ये कांस्य मिळवलं, आणि आदल्या वर्षी तिरानातही त्याने कांस्यच मिळवलं होतं. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेच्या वर धरायची कुस्ती, पायाला हात नाही. लागोपाठ दोन वर्षं जागतिक पदक आणणाऱ्या या पोराचे फोटो आपल्या ग्रुपवर किती आले, ते ज्याने त्याने आठवून बघावं.

फ्रीस्टाइलमध्ये मात्र हरियाणा पुढे आणि आपण मागे, हे मान्य करायला हवं. का? आपल्याकडे ताकद नाही? तालमी नाहीत? दोन्ही आहेत. गडबड दुसरीकडे आहे.

जगात महाराष्ट्राचं नाव कोणी केलं ते बघा. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ ला लंडनला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्य. ते वजन ५७ किलोच्या आसपासचं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. २०१८ ला राष्ट्रकुलात ५७ किलोत सोनं, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. दोघंही हलक्या वजनाचे.

आणि आपला पैसा, गदा, मोटारसायकल, चारचाकी, फ्लेक्स कुठं? महाराष्ट्र केसरीच्या जड गटात. तो गट ८६ किलोच्या पुढचा, १२५ पर्यंतचा. जत्रेतही शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती जड पैलवानाचीच लागते. मग साठ-पासष्ट किलोचा चपळ पोरगा काय करतो? खुराक वाढवतो, वजन वाढवतो. कारण हलक्या वजनात पोट भरत नाही. त्याच्या जागी आपण असतो तरी तेच केलं असतं. पोराचा दोष नाही, बक्षिसाची वाटणीच तशी आहे.

जत्रेची कुस्ती वाईट आहे असं कोणी म्हणत नाही. जत्रेनेच तालमी जगवल्या. लाल मातीवर पोरगा घट्ट होतो, पडायला घाबरत नाही. इनामाच्या पैशावर कित्येकांचा खुराक चालतो. पण जत्रेत वजन होत नाही, जोड डोळ्याने लावली जाते, गुण मोजत नाहीत, घड्याळ लावत नाहीत. पाच वर्षं फक्त अशा कुस्त्या खेळलेला पोरगा एकदम राज्य निवड चाचणीत मॅटवर उभा राहतो आणि हरियाणाच्या नाही, शेजारच्या जिल्ह्यातल्या मॅटवाल्या पोराकडून दोन मिनिटांत दहा गुणांनी हरतो. घरी येऊन सांगतो, "पाठ न्हाई लागली माझी." खरंच लागलेली नसते.

दाखला आणि दोन संघटना

अजून दोन गोष्टी पोरांच्या आड येतात.

पहिली जन्मदाखला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने खोट्या जन्मदाखल्यांवरून ११ मल्लांना निलंबित केलं. वय कमी दाखवून लहान गटात पदक घ्यायचं, हा जुना धंदा. असं मिळालेलं पदक एका खऱ्या वयाच्या पोराच्या तोंडचा घास असतो. आणि पकडलं गेलं की पुढची सगळी दारं बंद. गावात कोणी 'साल जरा पुढं करून घेऊ' असा सल्ला देत असेल, तर आईबापाने हात जोडून नको म्हणावं. ज्यांच्या दाखल्यात खरोखर चूक आहे, त्यांनी ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीशी शाळेचा दाखला आणि आधार आत्ताच जुळवून घ्यावा. निवड झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट संघटनांची भांडणं. राज्यात एका वर्षात दोन-दोन महाराष्ट्र केसरी झाले. २०२३ ला एक धाराशिवला, एक पुण्याजवळ फुलगावला. २०२५ ला एक अहिल्यानगरला, एक कर्जतला. दिल्लीत त्याहून वाईट. डिसेंबर २०२३ मध्ये क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय महासंघाला निलंबित केलं, ते मार्च २०२५ मध्ये उठवलं. मोठ्या मल्लाचं एक वर्ष गेलं तर तो पुढच्या वर्षी खेळतो. पण १७ खालील पोराचं वय थांबत नाही. त्याचं ते वर्ष गेलं की तो गटच त्याच्यासाठी संपतो. नेते भांडत राहतात, जन्मसाल पुढं सरकत राहतं.

मग गावाने काय करायचं?

१९५२ ला खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला गावोगाव वर्गणी निघाली होती, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. तेव्हा मोबाईल नव्हता, कुस्ती डोळ्यांनी बघायलाही मिळाली नाही, तरी लोकांनी पैसे दिले. आज कुस्ती खिशात आहे आणि आपण फक्त फोटो पुढं पाठवतो.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला मंत्र्याची गरज नाही.

यात्रा कमिटीने पुढच्या जत्रेत दोन-तीन वजनगटाच्या कुस्त्या ठेवाव्यात. ५७ आणि ६५ किलो. वजन करून, घड्याळ लावून, गुण मोजून. शेवटच्या मोठ्या कुस्तीच्या इनामातला थोडा हिस्सा तिकडे वळवला तरी पुरेल. हलक्या पोराला हलकं राहून पैसे मिळाले, तर तो उगाच वजन वाढवणार नाही.

तालमीने आठवड्यातले काही दिवस पोरांना मॅटवर न्यावं. मॅट महाग आहे, प्रत्येक गावाला जमणार नाही. पण चार-पाच गावांत मिळून एक, तालुक्याच्या क्रीडा संकुलात किंवा हायस्कूलच्या हॉलमध्ये, हे अशक्य नाही. मातीत सकाळ, मॅटवर संध्याकाळ. राहुल आवारेही मातीतूनच मॅटवर गेला.

आणि जे फक्त बघणारे आहेत, त्यांचंही काम आहे. पुढच्या वर्षी १७ आणि २० खालील जागतिक स्पर्धा लागतील तेव्हा कट्ट्यावर मोबाईल लावा. तालमीतल्या लहान पोरांना शेजारी बसवा. प्रत्येक डावाला गुण किती, ते त्यांना मोठ्याने सांगायला लावा. चार दिवसांत पोरं पंचाच्या आधी बोट वर करतात. जे डोळ्याला कळलं, ते अंगात उतरायला वेळ लागत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२६ मध्ये जपानमध्ये आशियाई स्पर्धा आहेत, २०२८ ला लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक. सुजीत कलकल दोन्हीकडे दिसावा, अशी देशातल्या प्रत्येक कुस्तीवेड्याची इच्छा आहे. पण २०२५ मध्ये आपल्या तालमीत चौदा वर्षांचा जो पोरगा होता, त्याचं वय २०२८ मध्ये सतरा असेल आणि २०३२ मध्ये एकवीस. पॅरिसमध्ये पदक घेताना अमन सेहरावत नेमका एकवीस वर्षांचा होता.

म्हणजे आपल्या पोराची वेळ अजून गेलेली नाही. यंदाच्या जत्रेत त्याची कुस्ती लावताना कमिटीने आधी त्याला वजनकाट्यावर उभं करावं, एवढ्यापासून सुरुवात झाली तरी पुष्कळ.